तंबाखूशी काडीमोड

इ. स. 1492 च्या नोव्हेंबर महिन्यात कोलंबसाने क्यूबा बेटाच्या अंतर्भागात पूर्वेकडच्या खानाचा दरबार शोधून काढण्यासाठी रोद्रिगो दे हेरेस आणि लुईस दे तोर्रेस असे दोन असामी पाठविले. दरबार त्यांना अर्थातच सापडला नाही, परंतु हातात पानांचे जळते कोलीत धरून त्याचा धूर ओढीत आपल्या गावाकडे निघालेली स्त्रीपुरुष माणसे त्यांना वाटेत भेटली, आणि परत आल्यावर त्यांनी सांगितलेली ही हकीकत कोलंबसाच्या रोजनिशीत नोंदली गेली. खानाच्या सोन्यापेक्षा हे पान युरोपला अधिक किफायतशीर ठरणार आहे याची त्या दोघांना कल्पना असण्याचे कारण नव्हते. पुढे शंभर-सव्वाशे वर्षांच्या आत पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते आपल्या किनाऱ्याला लागले, 1604-05 च्या सुमारास असदबेग नावाच्या मोगल वकिलाने ते विजापुराहून अकबरासमोर नेऊन ठेवले, आणि 1617 मध्ये जहांगिराने त्याच्या सेवनास मनाई करणारे फर्मान काढले. त्या फर्मानाने काय साधले हे, आजोबांच्या कमरेची चंची लहानपणी रोज पाहिलेल्या माझ्यासारख्याने वेगळे सांगावयास नको.

ज्या भाषेतून 'तंबाखू' हा शब्द जगभर पांगला ती स्पॅनिश भाषा बोलणाऱ्या, अथवा जिच्या बोलण्याचा वारसा आजा-पणजापासून सांगणाऱ्या लोकांची वस्ती आज अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सहा कोटींच्या वर आहे. मेक्सिको, पोर्तो रिको, क्यूबा, डोमिनिकन प्रजासत्ताक, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील डझनावारी देश, अशा निरनिराळ्या मुलुखांतून निरनिराळ्या काळी आलेल्या या लोकांना सरकारी दप्तरात 'हिस्पॅनिक' आणि अलीकडे 'लॅटिनो' असे एकच नाव आहे. त्यांचे धूम्रपान सुटावे आणि त्यातून उद्भवणारा कर्करोग टळावा म्हणून गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जे संशोधन झाले ते वस्तुतः वैद्यकाचे. परंतु मला त्याची ओढ लागली ती निराळ्या कारणाने. रोग मोजण्यापूर्वी माणूस मोजावा लागतो, माणूस मोजण्यापूर्वी त्याला नाव द्यावे लागते, आणि दिलेले नाव खरे असेलच असे नाही, ही तिन्ही प्रकरणे या एका हकीकतीत एकापाठोपाठ एक येतात, आणि त्यांतून वाट काढीत काढीत संशोधक अखेर ज्या उपायापर्यंत पोचले तो चिरूट वळणाऱ्या कामगारांना शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

त्या कामगारांपासूनच आरंभ करणे सोयीचे. हवाना शहरातील एल फिगारो नावाच्या चिरुटांच्या कारखान्यात 1865 साली एक नवी चाल सुरू झाली. शेकडो माणसे दिवसभर मान खाली घालून पाने वळीत बसणार, हात गुंतलेले पण कान मोकळे. तेव्हा त्यांच्यातल्याच एका साक्षर माणसाने उच्चासनावर बसून मोठ्याने वाचावे आणि त्याचा बुडालेला रोजगार इतरांनी भरून द्यावा, असा तो ठराव होता. या वाचकाला 'लेक्तोर' म्हणत. आपल्याकडे देवळात पुराणिक पोथी सांगतो आणि बायका वाती वळता वळता ऐकतात, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की येथे पोथी ऐकणाऱ्यांनी निवडलेली असे आणि पुराणिकाला नेमण्याचा व काढण्याचा अधिकारही त्यांच्याकडेच असे. सकाळी वर्तमानपत्रे, दुपारनंतर कादंबरी, आणि कोणती कादंबरी वाचावयाची यावर मतदान. सर्व्हांतेस, ह्यूगो, झोला, द्यूमा ही नावे अक्षरशत्रू माणसांच्या तोंडी बसली, आणि 'माँटेक्रिस्टो' किंवा 'रोमिओ आणि ज्युलिएट' या नावांचे चिरूट आजही विकले जातात त्याचे मूळ त्या वाचनात आहे असे मानतात. वाचलेला मजकूर आवडला म्हणजे कामगार पाने कापण्याची लहान अर्धगोल सुरी लाकडी फळीवर खटाखट आपटीत, आणि ती त्यांची टाळी.

सत्तेला असले वाचन सोसत नाही. स्पेनच्या सुभेदाराने 1866 मध्येच त्यावर बंदी घातली. पुढे 1868 पासून क्यूबात स्वातंत्र्ययुद्ध पेटले तेव्हा कारखानदार आणि कामगार दोघेही समुद्र ओलांडून फ्लोरिडातील की वेस्ट या बेटावर आले, आणि त्यांच्या सामानात ही चालही आली. व्हिसेंते मार्तिनेस इबोर या कारखानदाराने 1885-86 मध्ये टँपा गावाजवळची दलदल विकत घेऊन तेथे आपल्या नावाची वसाहत उभी केली. इबोर सिटीत क्यूबन, स्पॅनिश आणि सिसिलीहून आलेले इटालियन शेजारी शेजारी राहिले, चिरुटांच्या पेठेचे ते मोठे ठाणे झाले, आणि 1891 च्या नोव्हेंबरात क्यूबाच्या स्वातंत्र्यासाठी वर्गणी आणि माणसे गोळा करीत हिंडणारा कवी होसे मार्ती याच कामगारांसमोर भाषणे देण्यासाठी आला. येथील लोकांनी आपापल्या ज्ञातिबांधवांची मंडळे काढली होती, त्यांत दर महिन्याची ठराविक वर्गणी भरली की आजारपणात डॉक्टर व औषध मिळे, आणि पुढे काही मंडळांनी स्वतःची इस्पितळेही बांधली. सरकारने आपल्या प्रकृतीची चौकशी करावी अशी त्यांची अपेक्षा नव्हती आणि सरकारनेही ती केली नाही. 1931 च्या अखेरीस, वाचकपीठावरून जहाल विचार पसरतात या सबबीवर, मालकांनी लेक्तोरांना कारखान्यांतून काढून टाकले. संप झाला, तो फसला, आणि उच्चासनाच्या जागी रेडिओ बसला.

चिरूट वळणाऱ्यांनी स्वतः किती ओढले आणि त्यांतले किती कशाने मेले याचा हिशेब लागणे अवघड, कारण तो ठेवण्यासाठी रकानाच नव्हता. धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध विसाव्या शतकाच्या मध्यास प्रस्थापित झाला. ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल यांनी, अमेरिकेत हॅमंड आणि हॉर्न यांनी तो दाखविला, आणि 11 जानेवारी 1964 रोजी, शेअरबाजार बंद असणारा शनिवार मुद्दाम पाहून, सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य आरोग्याधिकारी, ल्यूथर टेरी यांनी धूम्रपानाच्या दुष्परिणामांवरचा तो प्रसिद्ध अहवाल प्रकाशित केला. हॅमंड-हॉर्न यांनी ज्यांचा पाठपुरावा केला ती 1,87,783 माणसे सर्वच्या सर्व गोरे पुरुष होती. यात संशोधकांचा कपटभाव होता असे मी म्हणत नाही, ज्यांच्यापर्यंत स्वयंसेवक पोचू शकत होते त्यांनाच त्यांनी मोजले. परंतु त्याचा परिणाम असा झाला की शास्त्राच्या दृष्टीने धूम्रपान करणारा माणूस म्हणजे दिवसाला एक पाकीट संपविणारा, इंग्रजी बोलणारा, पन्नाशीचा गोरा पुरुष ही मूर्ती पक्की झाली, आणि पुढील वीस वर्षे सगळे उपचार, सगळ्या प्रश्नावल्या आणि सगळी पत्रके त्या मूर्तीला नमस्कार करून लिहिली गेली.

रकाना उघडण्याचे काम कायद्याने झाले. 1976 च्या जून महिन्यात अमेरिकी काँग्रेसने स्पॅनिश वंशाच्या नागरिकांची स्वतंत्र आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला; 1977 मध्ये सर्व सरकारी खात्यांना लागू होणारा 'हिस्पॅनिक' या वर्गाचा जाबता निघाला; 1980 च्या खानेसुमारीत तो प्रश्न पहिल्यांदा घरटी विचारला गेला; आणि मृत्यूच्या दाखल्याच्या देशभरच्या प्रमाण नमुन्यात तो घालावयास 1989 साल उजाडले. म्हणजे अमेरिकेत किती लॅटिनो माणसे फुप्फुसाच्या कर्करोगाने मरतात या साध्या प्रश्नाचे देशव्यापी उत्तर देण्याची सोय, टेरी यांच्या अहवालानंतर पंचवीस वर्षांनी झाली.

आता हा जो वर्ग कागदावर जन्मास आला तो कितपत खरा? मुंबईत एके काळी विंध्याच्या दक्षिणेकडून आलेला कोणीही माणूस, मग तो मंगळूरचा असो की मदुरेचा, 'मद्रासी' ठरे, आणि त्याला स्वतःला ते नाव मुंबईस आल्यावरच कळे. ओआहाकाच्या डोंगरातून आलेला मेक्सिकन शेतमजूर, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली पोर्तो रिकन बाई आणि मायामीतला क्यूबन दुकानदार यांना एका गोणीत भरणे हे तसेच. 1982 ते 1984 या काळात सरकारने केलेली या लोकांची पहिली मोठी आरोग्यपाहणी करणाऱ्यांना हे कळत असावे, कारण त्यांनी गोणी सोडून तीन ठिकाणी तीन मापे लावली: नैर्ऋत्येकडील पाच संस्थानांत मेक्सिकन, फ्लोरिडाच्या डेड परगण्यात क्यूबन, आणि न्यूयॉर्कच्या परिसरात पोर्तो रिकन. सरकारी कामात असा विवेक क्वचित आढळतो म्हणून त्याची मुद्दाम नोंद करतो.

या पाहणीच्या रक्तनमुन्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. मेक्सिकन वंशाचे लोक आपण दिवसाला फारच थोड्या सिगारेटी ओढतो असे सांगत, आणि त्यावरून त्यांना धोका कमी असा समज होता. निकोटीन शरीरात गेल्यावर त्याचे कोटिनीन नावाचे द्रव्य बनते आणि ते रक्तात बराच वेळ टिकते, त्यामुळे तोंडाने काहीही सांगितले तरी रक्त साक्ष देते. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील वैद्य एलिसेओ पेरेस-स्ताबले आणि त्यांचे सहकारी यांनी 1990 मध्ये दाखवून दिले की त्यांपैकी पुष्कळांच्या रक्तातील कोटिनीन त्यांनी सांगितलेल्या आकड्याशी जुळत नाही, ते त्याहून जास्त आहे. हे लोक लबाड होते असा याचा अर्थ लावणे सोपे आणि चुकीचे होईल. समोर बसलेल्या परक्या माणसाला अप्रिय वाटेल असे बोलू नये, वातावरण कडू होऊ देऊ नये, या त्यांच्या शिष्टाचाराला स्पॅनिशमध्ये 'सिंपातिया' म्हणतात. आणि शिवाय मित्राने पुढे केलेली, लग्नात ओढलेली, शनिवारी रात्री दारूबरोबर शिलगावलेली सिगारेट हिशेबात धरावयाची असते हे त्यांच्या मनातच येत नव्हते. आमच्या कोकणात सकाळी मशेरी लावणाऱ्या म्हातारीला तुम्ही तंबाखू खाता का असे विचारा, ती कानावर हात ठेवील. सरकारी प्रश्नावलीतसुद्धा 1992 पर्यंत धूम्रपान 'आता करता की नाही' एवढेच विचारीत. 'रोज, काही दिवस, की मुळीच नाही' असा तिपेडी प्रश्न त्या वर्षी आला, आणि मग 'काही दिवस' या मधल्या घरात लॅटिनो लोकांची दाटी दिसू लागली. रोजच्या पाकिटाच्या मूर्तीसाठी घडविलेल्या उपचारात या मधल्या घरासाठी काहीच नव्हते, आणि वैद्यही या रुग्णांना तंबाखू सोडण्याचा सल्ला इतरांपेक्षा कमी वेळा देत असत, असे पुढच्या अनेक पाहण्यांत आढळले.

या सर्व हकीकतीतले सर्वांत वाचनीय प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोचे आहे. पेरेस-स्ताबले यांच्याबरोबर हेरार्दो मारिन आणि बार्बरा मारिन हे दोन मानसशास्त्रज्ञ काम करीत होते, आणि 1980 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी त्या शहरातील स्पॅनिशभाषकांसाठी 'लॅटिनोंचा धूम्रपान सोडण्याचा कार्यक्रम' उभा केला. इंग्रजी पत्रकांचा तर्जुमा करून वाटणे ही तोवरची रीत; तिला फाटा देऊन या मंडळींनी आधी एक भाबडा वाटणारा प्रश्न विचारला, की हे लोक सिगारेट का सोडू इच्छितात? गोरे अमेरिकन सोडू इच्छीत ते स्वतःच्या छातीसाठी, स्वतःच्या आयुष्यासाठी. लॅटिनोंनी या कारणांच्या बरोबरीने, पुष्कळदा त्यांच्याही वर, निराळी कारणे ठेवली: मुलांना वाईट वळण लागते, घरात वास मारतो, घरच्यांच्या प्रकृतीला धूर बाधतो. कुटुंबाला स्वतःच्या वर ठेवण्याच्या या वृत्तीस ते 'फामिलिस्मो' म्हणतात, आणि मारिन प्रभृतींनी 1987 मध्ये असेही दाखविले की अमेरिकेत मुरत जाता जाता कुटुंबाविषयीची कर्तव्ये सैल होतात, पण अडीअडचणीत घरचे पाठीशी आहेत हा भरवसा तसाच राहतो. तुम्ही मराल, हे सांगून जो माणूस हलत नाही तो, तुमचा मुलगा तुमच्याकडे पाहतो आहे, एवढ्याने हलतो. यात मला फारसे नवल वाटत नाही; नवल वाटते ते शास्त्राला हे विचारण्यासाठी 1980 नंतरचे दशक लागले याचे.

या कामातून स्पॅनिश भाषेत एक सचित्र मार्गदर्शिका तयार झाली आणि राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ती प्रसिद्ध केली; पुढील आवृत्तीचे नाव 'रोंपा कोन एल व्हिसिओ'. शब्दशः अर्थ लावला तर, व्यसनाशी असलेला संबंध मोडा. इंग्रजीत या ठिकाणी 'सवय' असा सौम्य शब्द घालीत, स्पॅनिशभाषकांनी मात्र 'व्हिसिओ' हा पापाची छटा असणारा शब्द पसंत केला, कारण ते आपसात तसेच बोलत. आपल्या 'व्यसन' शब्दाचा संस्कृतातला मूळ अर्थ संकट. तोही सवयीपेक्षा जड. आणि त्या 'रोंपा' या आज्ञार्थी क्रियापदाला मराठीत मला एकच प्रतिशब्द सुचतो: जातपंचायतीपुढे गवताची काडी मोडून नवराबायको विभक्त होत त्या विधीचा. तंबाखूशी काडीमोड घ्या, असे ते पुस्तक सांगते, आणि काडीमोड ही चार माणसांदेखत घ्यावयाची असते. म्हणूनच त्यात मित्राने सिगारेट पुढे केली तर त्याचा अपमान न करता नकार कसा द्यावा याचा विचार आहे. सिंपातियाच्या मुलुखात मोठा पेच तोच होता.

टेक्सासच्या सीमेवर, रिओ ग्रांदे नदीच्या अलीकडच्या काठी, ईगल पास म्हणून गाव आहे. पलीकडे मेक्सिकोचे पिएद्रास नेग्रास. फिनलंडच्या उत्तर कारेलिया प्रांतात 1972 पासून हृदयरोगाविरुद्ध जी लोकमोहीम चालली तिच्यात काम करून आलेले आल्फ्रेड मॅकॲलिस्टर आणि सॅन अँटोनिओच्या संशोधिका अमेली रामिरेझ यांनी 1985 च्या सुमारास येथे 'आ सु सालुद' हा उपक्रम आरंभिला. नावाचा अर्थ 'तुमच्या प्रकृतीसाठी', आणि पेला उंचावतानाही स्पॅनिशभाषक तेच म्हणतात, हा श्लेष मला आवडला. उपक्रमाची युक्ती साधी होती. गावातल्याच, नावानिशी ओळखता येणाऱ्या, सिगारेट सोडलेल्या माणसांनी स्थानिक दूरचित्रवाणीवर आणि वर्तमानपत्रात आपण कसे सोडले ते सांगावे. आणि गल्लोगल्लीच्या स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन, काल अमक्याला पाहिलेत का, तुम्हीही करून पाहा, एवढेच म्हणावे. वैद्याचा पांढरा अंगरखा पडद्यावर जवळजवळ नाहीच. पाच वर्षांनी, तुलनेसाठी निवडलेल्या लोकांपेक्षा येथे सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक निघाले, आणि रामिरेझ यांनी पुढे सॅन अँटोनिओमधून लॅटिनोंच्या कर्करोगासाठी देशव्यापी संशोधनजाळे उभारले ते या सीमेवरच्या अनुभवावर.

तंबाखूच्या कंपन्या यावेळी स्वस्थ बसल्या नव्हत्या. सरकारला जो रकाना उघडावयास कायदा लागला तो व्यापाऱ्याला फार लवकर दिसतो. 'रिओ' आणि 'दोरादो' अशी स्पॅनिश नावे ठेवून लॅटिनोंसाठी खास सिगारेटी बाजारात आल्या, त्यांच्या सणांना आणि मिरवणुकांना कंपन्यांचा पैसा आला, वस्त्यांतल्या भिंतींवर स्पॅनिश जाहिराती आल्या. 1990 मध्ये सर्जन जनरल झालेल्या अँटोनिया नोव्हेलो या पोर्तो रिकोच्या. त्या पदावरील पहिल्या स्त्री आणि पहिल्या लॅटिनो. मुलांना भुलविणाऱ्या उंटाच्या चित्राची जाहिरात बंद करा असे त्यांनी 1992 मध्ये संबंधित कंपनीस जाहीररीत्या बजावले, आणि त्याच वर्षी उत्तर-दक्षिण दोन्ही अमेरिका खंडांतील धूम्रपानाविषयीचा अहवाल काढला. वांशिक अल्पसंख्याकांच्या तंबाखूसेवनावरचा पहिला स्वतंत्र अहवाल मात्र 1998 चा, डेव्हिड सॅचर यांच्या कारकिर्दीतला.

आकडे जमू लागले तसा एक चमत्कार दिसू लागला. लॅटिनो लोक सरासरीने गरीब, विम्याविना, इस्पितळापासून दूर. तरी त्यांचा मृत्युदर गोऱ्यांहून फार वाईट नाही, पुष्कळदा बरा. 1986 मध्ये मार्काइडीस आणि कोरील या अभ्यासकांनी या विरोधाभासाकडे लक्ष वेधले आणि त्यावर तर्कवितर्कांची रास पडली; परंतु पुढच्या शतकात हिशेब मांडला तेव्हा त्यातला मोठा हिस्सा तंबाखूनेच उलगडला. ते कमी ओढतात म्हणून अधिक जगतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण त्यांच्यात गोऱ्यांच्या निम्म्याच्या आसपास आहे. मात्र निम्मे म्हणजे नगण्य नव्हे. लॅटिनो पुरुषांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत फुप्फुसाचा क्रमांक पहिला राहिला, आणि 2009 मध्ये लॅटिनोंच्या मृत्यूच्या कारणांत कर्करोगाने हृदयरोगाला मागे टाकले.

शिवाय ही पुंजी पिढीगणिक खर्च होते. 1989 मध्ये मारिन आणि सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत असे पाहिले की अमेरिकी रीतीत मुरलेले पुरुष नवागतांपेक्षा कमी ओढतात, आणि मुरलेल्या स्त्रिया नवागत स्त्रियांपेक्षा अधिक. मुरणे मोजण्यासाठी त्यांनी बारा प्रश्नांची एक मोजपट्टी केली होती: घरी कोणती भाषा बोलता, विचार कोणत्या भाषेत करता, मित्र कोण, दूरचित्रवाणी कोणती. उपयुक्त साधन, यात वाद नाही. परंतु क्यूबाचे थोर पंडित फेर्नांदो ओर्तिस यांनी 1940 मध्ये, आणि तेही तंबाखू व साखर यांच्यावरच लिहिलेल्या ग्रंथात, याहून खोल विचार मांडून ठेवला होता. दोन संस्कृती भेटल्या म्हणजे एक दुसरीत विरघळते ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. काही हरवते, काही घेतले जाते, आणि तिसरेच काही जन्मते, त्याला त्यांनी 'ट्रान्सकुल्तुरासिओन' असा नवा शब्द घडविला. शिकागोतल्या कॉलेजकन्येच्या हातची सिगारेट तिच्या आजीची नव्हे आणि शेजारच्या गोऱ्या मुलीचीही नव्हे. ती त्या तिसऱ्या प्रकारची.

2008 ते 2011 या काळात ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो या चार ठिकाणी 16,415 लॅटिनोंची जी बृहत्पाहणी झाली तिने गोणी पुन्हा एकदा उसवली. पोर्तो रिकन पुरुषांत आणि स्त्रियांतही धूम्रपान करणारे सुमारे एकतृतीयांश, क्यूबन पुरुष जवळपास तितकेच, आणि डोमिनिकन स्त्रीपुरुष अवघे अकरा-बारा टक्के. पोर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताक हे समुद्रातल्या शेजारशेजारच्या बेटांवरचे मुलूख. 'लॅटिनोंचे धूम्रपान' असा एकच आकडा सांगणाऱ्याने या दोहोंपैकी कोणाविषयी बोलतो आहोत ते आधी ठरवावे. 2020 मधला तो एकच आकडा आठ टक्के, देशाच्या साडेबारा टक्क्यांहून कमी. आणि कमी आहे म्हणूनच या लोकांकडे कोणी पाहू नये हा धोका पुन्हा उभा राहतो.

कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1988 मध्ये सिगारेटच्या दर पाकिटावर पंचवीस सेंटांची जकात बसविली, आणि तिच्या उत्पन्नातून 1992 पासून दूरध्वनीवर सल्ला देणारी सेवा चालू झाली, ती पहिल्या दिवसापासून इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत. टेक्सासमध्ये 'आदिओस आल फुमार' या प्रयोगात 297 स्पॅनिशभाषकांपैकी काहींना एकदाच सल्ला दिला आणि काहींना संशोधकांनी आपणहून पुन्हा पुन्हा दूरध्वनी केला. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार पुन्हा पुन्हा बोललेल्यांचा लाभ अधिक झाला. आता तेच काम मोबाइलवरच्या संदेशांनी होते.

कालानुक्रम थोडा मोडून, 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान प्रयोगाचे सांगावयाचे राहिले आहे. पेरूत जन्मलेले मानसशास्त्रज्ञ रिकार्दो मुन्योस सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक इस्पितळात काम करीत. खिन्न मनाचा माणूस सिगारेट सोडू शकत नाही, तेव्हा त्याच्या मनाची घडी बसविण्याचे थोडे शिक्षण मार्गदर्शिकेला जोडावे असे त्यांना वाटले. परंतु हे लोक दोन-दोन नोकऱ्या करणारे, इस्पितळात येणार कधी? म्हणून सगळा प्रयोग टपालाने झाला. 136 जणांपैकी निम्म्यांना नुसती मार्गदर्शिका गेली, आणि उरलेल्यांना तिच्याबरोबर 'आपले आयुष्य आपल्या हाती' अशा अर्थाच्या नावाचा एक पाठ, ध्वनिफितीवर. हात भांडी घासण्यात किंवा कपड्यांना इस्त्री करण्यात गुंतलेले असले तरी कान मोकळे राहतात. कोपऱ्यातल्या यंत्रातून स्पॅनिश आवाज वाचीत राही. तीन महिन्यांनी नुसत्या मार्गदर्शिकेवाल्यांत शंभरी अकरा जणांनी तंबाखू सोडली होती, आवाज ऐकणाऱ्यांत सुमारे तेवीस. इबोर सिटीतल्याप्रमाणे सुरी फळीवर आपटून दाद देण्याची सोय येथे नव्हती. टपालाने भरून परत आलेला प्रश्नांचा कागद हीच काय ती पावती.